तंत्रज्ञानाचे गायरान

कपाशीच्या बीटी बियाण्याचे पाकीट फोडले की त्यातून पूर्वी आणखी एक लहान पुडी निघत असे. मोठ्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी बी आणि लहान पुडीत १२० ग्रॅम साधे, बिगर-बीटी बी. ते साधे बी शेताच्या कडेने पेरावे, निदान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तितके, अशी सूचना असायची. ही पुडी किती घरांत पेरली गेली आणि किती बांधावर फेकली गेली, हे कापूस पिकवणाऱ्या वाचकांना सांगायला नको. मेळाव्यात शेतकरी विचारायचे, "साहेब, अळीला खाऊ घालायला आम्ही वेगळा कापूस का लावायचा?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर नीट समजले, तर केवळ कपाशीचे नव्हे, तर साऱ्या नव्या तंत्रज्ञानाचे मर्म समजते, असे मला वाटते. म्हणून आज त्या पुडीच्या निमित्ताने चार गोष्टी मांडतो.

शाळेत आपण सर्वांनी 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध लिहिला आहे. पहिल्या पानावर वरदान, दुसऱ्या पानावर शाप आणि शेवटी 'मानवाने विवेकाने वापर करावा' एवढे लिहिले की दहापैकी सात गुण मिळत. पण हा विवेक म्हणजे नेमके काय, तो कुणी दाखवायचा आणि एकट्याने दाखवून भागते का, हे त्या निबंधात कधी आले नाही. शेतकऱ्याला मात्र हे प्रश्न दर हंगामाला पडतात.

आधी पदरात काय पडले ते पाहू

नव्या गोष्टीला नावे ठेवणे सोपे असते. पूर्वीचे सगळे चांगले होते, असे म्हणणाऱ्यांनी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून १९७२ च्या दुष्काळाची हकिगत ऐकावी. रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो, दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी आणि खडी फोडून हाताला आलेले घट्टे, हे ते विसरलेले नाहीत. त्याआधी १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे देशात पाऊस रुसला होता आणि परदेशातून गव्हाचे जहाज कधी येते, याकडे सरकार डोळे लावून बसले होते.

ती वेळ पुन्हा आली नाही, यामागे तंत्रज्ञानाचा हात मोठा आहे. १९६६ मध्ये मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे आले. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे १ कोटी २० लाख टन गहू पिकला होता. १९७०-७१ मध्ये तो २ कोटी ३८ लाख टनांवर गेला. आपल्याकडे सीएसएच-१ ही संकरित ज्वारी १९६४ मध्ये आली. 'हायब्रीड'च्या भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही, कडबा आखूड पडतो, पावसात कणीस काळे पडते, अशा तक्रारी झाल्या आणि त्या खऱ्याही होत्या. तरी ज्या घरात दोन वेळची भाकरी नव्हती, त्या घरात ती याच ज्वारीने पोचवली.

आता दाराशी पडलेली युरियाची गोणी घ्या. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला ते हवेतून घेता येत नाही. फ्रित्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश या अभियंत्याने ते काम कारखान्याच्या मापाचे केले आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचे अन्न या एका शोधावर अवलंबून आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तुमच्या-माझ्या अंगातल्या मांसातही त्या कारखान्यातले नत्र आहे, असे म्हटले तरी चालेल.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धात जर्मनीने दारूगोळा बनवला. आणि त्याच हाबरच्या देखरेखीखाली २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे शत्रूच्या खंदकांवर क्लोरीन हा विषारी वायू सोडण्यात आला. ज्याने जगाला भाकर दिली, त्यानेच विषारी वायूचे युद्ध सुरू करून दिले. कोयता ऊसही तोडतो आणि माणूसही. कोयत्याला स्वतःची अक्कल नसते.

युद्ध तर दूरच राहिले. तुमच्या-आमच्या शिवारातही युरियाची दुसरी बाजू आहेच. पिकाला लागते त्याहून जास्त टाकलेला युरिया पिकात जात नाही. थोडा हवेत उडतो, उरलेला नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि विहिरीला लागतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी आपल्या देशाची मर्यादा आहे. तान्ह्या बाळांच्या रक्तावर त्याचा वाईट परिणाम होतो. खत टाकणाऱ्याचे शेत हिरवेगार दिसते आणि पाणी शेजाऱ्याच्या विहिरीचे बिघडते. फायदा आज आणि माझा. तोटा उद्या आणि सगळ्यांचा. वाचकांनी ही खूण मनात ठेवावी, पुढे ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

कपाशीची कहाणी

१९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' ही कपाशी दिली. व्यापारी लागवडीसाठी आलेली ती जगातली पहिली संकरित कपाशी. उत्पादन वाढले, लांब धाग्याचा कापूस घरात आला आणि पाठोपाठ फवारणीही आली. नव्वदीच्या दशकात हिरव्या बोंडअळीने असा उच्छाद मांडला की औषध बदलून, मात्रा वाढवून, दोन औषधे एकत्र करूनही अळी मरेना. अळी औषधाला सरावली होती.

अशा वेळी मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. बीटी हे जमिनीत आढळणाऱ्या एका जिवाणूचे नाव. तो एक प्रथिन तयार करतो आणि बोंडअळीने ते खाल्ले की तिच्या आतड्याला इजा होऊन ती मरते. ते प्रथिन तयार करण्याचा गुण शास्त्रज्ञांनी कपाशीच्या झाडातच घातला. २००६ मध्ये दोन प्रथिनांची बीटी कपाशी आली.

फायदा झाला नाही, असे कुणी म्हणू नये. २००१-०२ मध्ये देशात १५८ लाख गाठी कापूस झाला होता. २०१३-१४ मध्ये तो ३९८ लाख गाठींवर गेला. पाण्याची सोय, नवी कीटकनाशके, वाढलेले क्षेत्र यांचाही त्यात वाटा आहे. तरी बोंडअळीचा मार वाचला, ही गोष्ट खरीच. सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या. कपाशीच्या पैशावर घरावर स्लॅब पडले, मुली शिकायला तालुक्याला गेल्या.

आता त्या लहान पुडीकडे येऊ.

समजा शेतात लाखभर अळ्या आहेत. त्यांत एखाद-दुसरी अशी असते की बीटीचे प्रथिन खाऊनही ती जगते. तिचा पतंग झाला की तो जोडीदार शोधतो. सगळीकडे बीटीच कपाशी असेल, तर जगलेले पतंग सगळे तसलेच. मग चिवटाला चिवट मिळतो आणि पुढची पिढी सगळी चिवट होते. पण कडेला साध्या कपाशीच्या पाच ओळी असतील, तर तिथे हजारो साध्या अळ्या सुखाने वाढतात. चिवट पतंगाची गाठ त्या साध्या पतंगांशी पडते. त्यांची पिल्ले बीटी खाऊन मरतात. अशा रीतीने चिवटपणा पसरत नाही आणि बीटीची धार वर्षानुवर्षे टिकते. म्हणून त्या ओळींना 'आश्रय पीक' म्हणतात. अळीला खाऊ घालायचे ते अळीवरच्या दयेने नव्हे. आपले हत्यार बोथट होऊ नये म्हणून.

ही पुडी पेरली गेली नाही. आणि गुलाबी बोंडअळी ही अशी कीड की तिचे पोट मुख्यतः कपाशीवरच. हिरव्या अळीला तूर, हरभरा, टोमॅटो अशी दुसरी घरे आहेत, तिथे साधे पतंग वाढत राहतात. गुलाबी अळीला असे दुसरे घर जवळजवळ नाही. त्यात लांब मुदतीचे वाण, पाणी देऊन मार्चपर्यंत ठेवलेली फरदड आणि मे महिन्यातली आगाप लागवड. म्हणजे अळीला जवळजवळ बारा महिने ताट वाढलेले. २०१० च्या सुमारास गुजरातमध्ये पहिल्या बीटीला गुलाबी अळी दाद देईनाशी झाली. २०१४-१५ च्या सुमारास तिथेच दोन प्रथिनांच्या बीटीचेही तेच झाले आणि २०१७ मध्ये आपल्या विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात वेचणीला गेलेल्या बायकांना बोंडात कापसाऐवजी किडकी कवडी हाती लागली. २००७-०८ मध्ये देशाची सरासरी हेक्टरी ५५४ किलो रुई होती. अलीकडच्या अनेक हंगामांत ती साडेचारशेच्या आसपास घोटाळते आहे.

तेच बी, दुसरे फळ

कुणी म्हणेल, तंत्रज्ञानच खोटे होते. तसे नाही. अमेरिकेत ही गुलाबी अळी १९१७ मध्ये टेक्सासमध्ये पहिल्यांदा सापडली. तिथल्या नैर्ऋत्येकडच्या राज्यांत ती पुढे शंभर वर्षे ठाण मांडून होती. १९९६ पासून त्यांनीही बीटी कपाशी पेरली. पण अॅरिझोनासारख्या राज्यात शेतकऱ्यांनी आश्रय पीक ठेवले, ठरल्या तारखेच्या आत सगळ्यांनी पऱ्हाट्या काढून जमीन नांगरली आणि २००६ पासून प्रयोगशाळेत वाढवलेले वांझ पतंग विमानातून शेतांवर सोडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले.

म्हणजे आपल्याकडे २०१७ मध्ये जे हत्यार बोथट ठरले, त्याच हत्याराने त्यांनी २०१८ मध्ये लढाई जिंकली. बी तेच, अळीही तीच. वापरण्याची रीत तेवढी वेगळी.

यात दोष फक्त आपल्या शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांची शेते शेकडो एकरांची आणि शेतकरी मोजके. आपल्या दोन-तीन एकरांत पाच ओळी सोडायच्या म्हणजे घरखर्चातला हिस्सा सोडायचा. पुडीतले बी नीट उगवत नाही, त्याची मुदत मुख्य वाणाशी जुळत नाही, अशाही तक्रारी होत्या. बियाणे विकणाऱ्याने पाकीट विकले, पण पुडीचे कारण समजावून सांगण्यासाठी कुणी बांधावर थांबले नाही. पुढे सरकारने साधे बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आणली. पण तोवर बरेच पाणी वाहून गेले होते.

माझ्या मते या साऱ्यातला खरा धडा असा आहे. बियाण्याचे पाकीट तुमचे, शेत तुमचे, कापूस तुमचा. पण त्या बियाण्याची धार तुमची एकट्याची नाही. ती गायरानासारखी साऱ्या गावाची आहे. गायरानात एकाने दोन जनावरे जास्त सोडली, तर त्याचा फायदा होतो आणि गायरानाला काही कळतही नाही. सगळ्यांनी दोन-दोन जास्त सोडली की गवताची मुळेही उरत नाहीत आणि मग कुणाचीच गाय जगत नाही. औषधाची धार, बियाण्याची ताकद, भूजलाची पातळी ही सगळी आजच्या काळातली गायराने आहेत. सातबारावर त्यांची नोंद नाही, म्हणून त्यांचा राखणदारही कुणी नाही.

धोका कुणाच्या अंगावर पडतो?

दुसरी गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की नव्या साधनाचा फायदा एकाला आणि धोका भलत्यालाच, असे पुष्कळदा होते. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास माणसे विषबाधेने दगावली आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या वर्षी पीक माणसाच्या उंचीला गेले होते, उकाडा होता, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती आणि पंपही जास्त दाबाचे होते. डोक्याएवढ्या पिकात वर तोंड करून फवारले की औषधाचे तुषार आपल्याच अंगावर येतात. मरणाऱ्यांत कितीतरी जण मजुरीने फवारणी करणारे होते. औषध त्यांनी आणले नव्हते, डब्यावरचा मजकूर त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता आणि तोंडाला बांधायला खांद्यावरच्या गमछाखेरीज काही नव्हते.

डब्यावर चौकोनात त्रिकोण असतो. तो लाल असेल तर औषध अतिशय विषारी, पिवळा असेल तर त्याहून कमी, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. या चार रंगांची ओळख शाळेत जाणाऱ्या पोरालाही करून द्यावी. घरातल्या भगिनींना विशेष सांगणे आहे : फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत, धुताना हातमोजे घालावेत आणि औषधाचा रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी त्यात तेल-पाणी भरू नये. फवारून आलेल्या माणसाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय थरथरणे असे काही झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याला दवाखान्यात न्यावे आणि सोबत औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद न्यावा. कोणते विष पोटात गेले हे कळल्याशिवाय डॉक्टरांना नेमका इलाज करता येत नाही.

गिधाडे का नाहीशी झाली?

आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकले की तासा-दोन तासांत आकाशातून गिधाडे उतरत. आता पंचविशीतल्या तरुणाला विचारा. त्याने गिधाड चित्रातच पाहिलेले असते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात इतकी घटली की हजारातले एखादेच उरले.

कारण कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते. जनावराच्या दुखण्यावर, सुजेवर डायक्लोफिनॅक हे स्वस्त इंजेक्शन मिळू लागले. लंगडणारा बैल उभा राहिला, शेतकऱ्याला दिलासा मिळाला. पण असे जनावर दगावले आणि त्याचे मांस गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. गिधाडे गेल्यावर मेलेली जनावरे सडत पडू लागली, मोकाट कुत्री वाढली, पाण्याला घाण लागली. २००० ते २००५ या पाच वर्षांत गिधाडे नाहीशी झाल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची दगावली असावीत, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. 'आजार म्हशीला आणि औषध पखालीला' ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. इथे औषध बैलाला दिले आणि जीव गिधाडाचा गेला, पाठोपाठ माणसाचाही.

पण ही गोष्ट निराशेची नाही, म्हणूनच मुद्दाम सांगतो. चूक कळल्यावर २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध होतेच. २०१५ मध्ये माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्याही बंद केल्या, कारण त्या गोठ्याकडे वळत होत्या. २०२३ मध्ये अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही आणखी दोन औषधे जनावरांसाठी बंद झाली. गिधाडांची मोठी घट थांबली आहे, पण गेलेली संख्या भरून यायला कित्येक वर्षे लागतील. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. मोडायला पंधरा वर्षे पुरतात, जोडायला पिढ्या जातात.

गोठ्यातून माणसापर्यंत

बोंडअळीचेच गणित माणसाच्या औषधांनाही लागू आहे. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणातच त्यांनी इशारा दिला होता की औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट ते औषधाला सरावतील. आज तेच घडते आहे. ताप उतरला की गोळ्या अर्ध्यावर सोडणारा रोगी आणि कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात प्रतिजैविक मिसळणारा व्यवसाय, दोघेही एकाच गायरानात चरत आहेत. कोलिस्टिन हे माणसाच्या अखेरच्या इलाजांपैकी एक औषध. ते कोंबड्या-जनावरांना देण्यावर आपल्या देशाने २०१९ मध्ये बंदी घातली, ती याचसाठी.

दूध घालणाऱ्या घरांनी एवढे जरूर पाळावे : कासदाहावर इंजेक्शन दिले असेल तर पशुवैद्य सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीत घालू नये. दोन-चार दिवसांचे दूध वाया जाते हे खरे. पण त्याच दुधातून औषधाचा अंश कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जातो आणि उद्या त्याला न्यूमोनिया झाला तर औषध लागू पडेल की नाही, याची खात्री राहत नाही. ते लेकरू आपलेही असू शकते.

आता दारात काय उभे आहे?

आता शिवारावर ड्रोन घिरट्या घालू लागले आहेत. त्यांचे मी स्वागत करतो. पाठीवरचा पंप उतरला तर यवतमाळसारखे प्रसंग टळतील. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या योजनेतून बचत गटांच्या भगिनीही ड्रोन चालवायला शिकल्या. पण ड्रोनचे तुषार बारीक असतात आणि वाऱ्याने दूर जातात. शेजारच्या बांधाला मधमाश्यांच्या पेट्या असतील किंवा तुतीची बाग असेल तर? औषध लागलेला पाला खाऊन रेशीमकिड्यांची आख्खी बॅच मरते. वारा कुणाच्या मालकीचा नसतो.

मोबाइलवर पानाचा फोटो काढला की रोगाचे नाव सांगणारी यंत्रे आली. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले आहेत. जमिनीतला ओलावा, हवामान आणि उपग्रहाची चित्रे जुळवून पाणी-खत केव्हा द्यायचे, हे त्यात यंत्र सांगते. पाणी आणि खत वाचणार असेल तर याहून चांगले काय? पण यंत्राचा सल्ला चुकला तर तो एकाच्या शेतात चुकत नाही, ज्या हजारो जणांनी ऐकला त्या सगळ्यांच्या शेतात एकाच दिवशी चुकतो. शेजारचा शेतकरी वेगळा विचार करतो, म्हणून गाव तरते. सगळ्यांनी एकाच यंत्राच्या तोंडाकडे पाहायचे ठरवले, तर ती पाच वेगळ्या ओळींची पुडी आपण पुन्हा बांधावर फेकली, असे होईल. म्हणून यंत्राचे ऐकावे, पण सकाळी बांधावर चक्कर मारून पान उलटून पाहण्याची सवय सोडू नये. पान उलटून पाहणारा शेतकरी हेच त्या यंत्राचे आश्रय पीक आहे.

चार प्रश्न आणि एक काम

गावात कुठलीही नवी वस्तू आली, मग ती बियाणे असो, औषध असो की यंत्र, तर चार प्रश्न विचारावेत. याचा फायदा कुणाला आणि धोका कुणाला? याची धार टिकवायची तर आपण सगळ्यांनी मिळून काय पाळले पाहिजे? चुकले तर मागे फिरता येईल का? आणि ज्याच्या हातात हे द्यायचे, त्याला ते नीट शिकवले आहे का? विक्रेता आला तर त्याला हेच विचारा, आमच्यासारखा कृषी अधिकारी आला तर त्यालाही हेच विचारा. उत्तरे मिळाल्याशिवाय सगळ्या शेतात एकदम वापर करू नका. आधी चार गुंठ्यांत करून पाहा.

आणि काम म्हणाल तर कपाशीवाल्या गावांसाठी ते ठरलेलेच आहे. जून लागण्यापूर्वी लागवड करू नये. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात रोज सरासरी आठ पतंग असे सलग तीन दिवस सापडले की उपायाची वेळ आली, असे समजावे. फुले उमलताना डोमकळ्या दिसल्या की अळीसह तोडून नष्ट कराव्यात. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. डिसेंबरअखेर कापूस वेचून शेत मोकळे करावे, फरदड घेऊ नये आणि पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत, कारण त्यांतल्या किडक्या बोंडांत अळी पुढच्या हंगामाची वाट पाहत झोपलेली असते.

यातले एकही काम एकट्याने करून पुरते फळ देत नाही. तुम्ही शेत साफ केले आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली, तर त्याच्याकडचा पतंग तुमच्या बांधावर थांबून परवानगी मागत नाही. म्हणून यंदा पेरणीपूर्वी ग्रामसभेत हा विषय घ्या. फरदड कुणी ठेवायची नाही आणि शेत कोणत्या तारखेपर्यंत मोकळे करायचे, एवढ्या दोन गोष्टी ठरवा आणि फळ्यावर लिहा. बैलपोळा, जत्रा, पाणीवाटप सगळे गाव मिळून ठरवतेच. यालाही त्यांच्या पंगतीत बसवा.

माणसाच्या भविष्याची चर्चा मोठ्या शहरांतल्या सभागृहांत चालते, ती चालू द्यावी. पण ते भविष्य ठरते ते अशाच लहान लहान ठरावांतून. पूर्वजांनी गायरान राखले म्हणून आपल्या आजोबांची जनावरे जगली. आपल्या वाट्याला आलेले हे नवे गायरान नातवंडांना चरायला उरेल की नाही, हे यंदा शेत मोकळे करायची तारीख तुम्ही पाळता की नाही, यावरही अवलंबून आहे.